सहकुटुंब सहपरिवार मशीन दुरुस्ती

मी एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं फिटर होतो. माझ्या हाताखालून गेलेली गाडी घाटात बंद पडली, असं सांगणारा एक ड्रायव्हर मला आणून दाखवा! नाही सापडायचा. त्यामुळं रिटायर झाल्यावर शिलाई मशीन दुरुस्तीचा धंदा काढायचं ठरवलं, ते काही कुणाला विचारून नाही. एवढी मोठी लालपरी ज्याच्या हातानं पळाली, त्याला हातभर मशीन काय जड? शटर वर करायचं, उदबत्ती लावायची आणि खुर्चीवर बसायचं, धंदा म्हणजे एवढंच, अशी माझी पक्की समजूत होती.

तसं काम मला नवीन नव्हतं. तीस वर्षं मी ते करतच होतो, फक्त फुकट. पारनेरात आमच्या आळीतल्या एकूण एक मशीनची नाडी मला ठाऊक. शेजारच्या भीमाबाईंचं मशीन दोरा तोडायला लागलं की त्या भिंतीवरून हाक मारायच्या. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचो, शटल साफ करायचो, तेल सोडायचो आणि चहा पिऊन यायचो. दिवाळीच्या आधी तर डेपोतून सुटलो की घरी पोचायला मला दोन तास लागायचे. आमची रतन म्हणायची, तुमच्या पोटात जेवणापेक्षा चहाच जास्त गेलाय. खोटं नव्हतं ते.

आता धंदा काढायची एवढी घाई का, तर आमचा करण. करण पुण्यात नोकरीला. तिथं त्यानं आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्हां दोघांना कायमचं तिकडं न्यायचं त्याच्या डोक्यात बसलं. पोरगा गुणाचा, त्याला नावं ठेवणार नाही. पण मी तिथं पंधरा दिवस राहून आलेलो. पहिल्या दिवशी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दुसऱ्या दिवशी गळके नळ बघितले, तिसऱ्या दिवशी काही उरलंच नाही. उरलेले बारा दिवस मी गॅलरीतून खालच्या गाड्या मोजल्या. लिफ्टमध्ये शेजाऱ्याला रामराम घातला, तर त्यानं कानातली वायर काढून "काय?" म्हणून विचारलं. परत आलो तेव्हा पारनेरच्या स्टँडवर उतरून मी आधी दोन ओळखीच्या माणसांशी भांडलो, मग बरं वाटलं.

शेवटी करणशी तोडपाणी झालं. दिवाळीपर्यंत धंदा चालवून दाखवायचा. चालला तर आम्ही इथं. नाही चालला तर घराला कुलूप आणि पुणे. मी फोनवर छाती काढून कबूल झालो. फोन ठेवल्यावर मात्र हिशेब मांडायला बसलो आणि तिथंच अडलो. कारण आळीतली सगळी मंडळी मला ओळखत होती, आणि हीच खरी अडचण होती. ओळखीच्या माणसाला पैसे कोण देतं? तीस वर्षं चहावर काम केलेल्या माणसानं एकदम मजुरी मागायची कशी?

त्यावर मला उपाय सुचला, तो म्हणजे कार्ड. छापील कार्ड! बघा तुम्ही, विमा एजंटला कुणी फुकट काम सांगतं का? नाही. कारण तो आल्याआल्या खिशातून कार्ड काढतो. कार्ड दिलं की माणूस शेजारी राहत नाही, धंदेवाला होतो. रतनला हे सांगितलं. ती म्हणाली, कार्डापायी पेन्शन उधळू नका. मी म्हटलं, अगदी कमीतकमीत करतो.

पेठेत गनीभाईंचा छापखाना आहे. पुढच्या भागात आता त्यांची सून अर्शी कॉम्प्युटर घेऊन बसते. पोरगी हुशार आणि बोलायला गोड. तिनं मला खुर्ची दिली आणि नमुने दाखवायला सुरुवात केली. चकचकीत, बिनचकचकीत, एका बाजूला छापलेलं, दोन्ही बाजूंना छापलेलं, कोपरे गोल केलेलं, मोबाईलनं टिपायचा तो काळापांढरा चौकोन असलेलं. मी विचारलं, यातलं सगळ्यांत स्वस्त कोणतं? ती म्हणाली, काका, कोणतंही घ्या, पण कमीतकमी हजार छापावी लागतील. हजार! आमच्या आळीत हजार माणसं जमवायला मागच्या तीन पिढ्या उठवून आणाव्या लागल्या असत्या.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कानिफ हाय का? आत ये."

आत गनीभाई बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि शेजारी त्यांचं पायानं चालवायचं जुनं छपाईचं मशीन. ते मशीन बघितलं आणि मला माझे वडील आठवले. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी मी बारा-तेरा वर्षांचा असेन, वडिलांबरोबर इथंच आलो होतो. लग्नसराईत इथं पाय ठेवायला जागा नसायची. शाईचा वास, रॉकेलचा वास, भिंतीला टेकून ठेवलेले गुलाबी-पिवळे गठ्ठे, आणि मशीनचा तो एका लयीतला खडखडाट. वडिलांना वाचता येत नव्हतं. गनीभाईंनी पत्रिका जुळवली आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. वडील डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, पुन्यांदा वाच. गनीभाईंनी दुसऱ्यांदा वाचली. वडिलांनी तिसऱ्यांदा वाचायला लावली. आपलं नाव छापून येतंय, हे त्यांना कानानं तपासून घ्यायचं होतं. पुढं माझ्या लग्नाची पत्रिकाही गनीभाईंनीच छापली.

आता त्या मशीनवर पावतीपुस्तकांचे नंबर सोडले तर काही छापत नव्हते. गनीभाई म्हणाले, लग्नपत्रिका करून आठ वर्षं झाली. लोक आता फोनवर पाठवतात. शिशाच्या अक्षरांचे खिळे तसेच पडून आहेत, धूळ पुसतो आणि ठेवतो. माझी अडचण ऐकून घेतली आणि त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढला. जुन्या पत्रिकांचा उरलेला कागद, गुलाबी, जाड, वर सोनेरी गणपती आधीच छापलेला. म्हणाले, हा तसाच पडलाय, कागदाचं काही देऊ नकोस. अडीचशे निघतील. फक्त एक, कापून लहान करायचा तर नगरला कटिंगवाल्याकडं न्यावा लागेल, त्याची मजुरी वेगळी.

मी म्हटलं, कापता कशाला? राहू दे मोठंच!

झालं. काटकसरीच्या नादात मी वीतभर गुलाबी, सोनेरी गणपतीचं बिझनेस कार्ड पसंत केलं. गनीभाईंनी विचारलं, सुरुवात कधी करतोस? मी म्हटलं, दसऱ्याला. किती वाजता? म्हटलं, सकाळी दहाच्या सुमारास नारळ फोडीन. कुठं? म्हटलं, घराच्या रस्त्याकडच्या खोलीत. त्यांनी सगळं मान हलवत लिहून घेतलं. मला वाटलं, म्हातारा आपुलकीनं चौकशी करतोय.

चार दिवसांनी गेलो. गनीभाईंनी मला स्टुलावर बसवलं, पहिलं कार्ड हातात धरलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. "श्री कुलस्वामिनी प्रसन्न. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आमचे येथे श्रीकृपेकरून शिलाई मशीन दुरुस्ती करण्याचे योजिले आहे. मुहूर्त, विजयादशमी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. स्थळ, राहते घर. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे."

मी डोळे मिटून ऐकत होतो. खरं सांगतो, मला एक शब्द खटकला नाही. तोच आवाज, तोच शाईचा वास, आणि शेवटी माझं नाव, त्याखाली माझ्या वडिलांचं नाव. डोळ्यांत पाणी आलं. आणि गिऱ्हाइकानं सहकुटुंब यावं, यात वाईट काय आहे? मी म्हणालो, पुन्यांदा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. पन्नास वर्षं पत्रिका जुळवलेला हात होता तो, मुहूर्त आणि स्थळ टाकल्याशिवाय त्याला काही छापताच येत नव्हतं. आणि मीही त्याच पत्रिका बघत म्हातारा झालेला, त्यामुळं चूक दोघांनाही दिसली नाही.

घरी आलो. रतननं गठ्ठा देवापुढं ठेवला, वरच्या कार्डाला हळदीकुंकू लावलं. तिला ते इतकं शोभून दिसलं की बसल्या बैठकीत तिनं अडीचशेच्या अडीचशे कार्डांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून टाकलं. मी म्हटलं, वा, शकुन झाला. मग आठ दिवस मी घरोघर फिरलो. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचो आणि उठताना आपली रीत म्हणून म्हणायचो, या बरं का, नक्की या. काही कार्डं डेपोतल्या जुन्या दोस्तांना दिली. दहा-बारा कर्जतच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं सोपवली, रतनच्या माहेरच्यांना पोच करायला. लोक कार्ड कपाळाला लावून घेत होते. माझा ऊर भरून येत होता. मनात म्हटलं, विमा एजंटाचं कार्ड लावतं का कुणी कपाळाला?

दसऱ्याला सकाळी मी खोलीत टेबल मांडलं, हत्यारं पुसून ओळीत ठेवली, झेंडूचं तोरण बांधलं. पेढे आणले होते पावशेर. पावणेदहाला भीमाबाई आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात नव्या ब्लाउजपीसची घडी. मी त्यांच्यामागं बघितलं, मशीन कुठं दिसेना. मग शेजारचे आले. मग समोरची गल्ली आली. दहा वाजेपर्यंत अंगण भरलं, दहा वाजून पाच मिनिटांनी रस्ता भरला. माणसं टोप्या, फेटे, नव्या साड्या घालून आली होती. लहान पोरांची तोंडं पावडरीनं पांढरी झाली होती. हिवरे बाजारचा माझा जुना कंडक्टर सहादेव तर दुधाची भली मोठी किटली घेऊनच उतरला. आणि इतक्या माणसांत एकाच्याही हातात मशीन नव्हतं.

मी नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शांतता. कुणी हलेना. माणसं सतरंजीची वाट बघत उभी राहावीत तशी उभी होती. शेवटी सहादेवनं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "पहिली पंगत कवा बसवायची?"

माझ्या हातातून नारळाची वाटी पडली. आत जाऊन रतनला सांगितलं. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिनं कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, कार्ड आणा इकडं. आणलं. तिनं ते पहिल्यांदाच नीट वाचलं, तिथंच पाटावर बसली आणि कपाळाला हात लावला. घरात सणाचा स्वयंपाक होता, तो आम्हां दोघांचा.

मी ठरवलं, बाहेर जाऊन स्टुलावर उभं राहायचं आणि हात जोडून सांगून टाकायचं की मंडळी, घोटाळा झालाय, ही पत्रिका नव्हे. अब्रू जाईल, जाऊ दे. करणच्या कानावर जाईल, तेही जाऊ दे. स्टूल उचललं आणि दारात आलो, तर समोर रतनची कडूबाई मावशी. कर्जतच्या पलीकडून आलेली, पहाटेची गाडी धरून. वय ऐंशीच्या घरात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉवेल-टोपीची पिशवी. मी म्हटलं, मावशी, एवढ्या लांबून कशाला त्रास घेतला?

मावशी उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, "जावयबापू, सात-आठ वर्सं झाली, माज्या हातात कुनी पत्रिका दिली न्हाई. समदी मोबाईलवर पाठवित्यात. मोबाईल असतो नातवाकडं. त्यो म्हनतो, आज्जे, लगीन हुतं, झालं बी. तुमची पत्रिका माज्या हातात आली. तिला कुक्कू लावल्यालं हुतं. मंग मी यायची न्हाई व्हय?"

मी स्टूल खाली ठेवलं. मावशीला तर वाचताही येत नव्हतं. तिनं गणपती बघितला, कुंकू बघितलं आणि ती निघाली. बाहेरच्या लोकांचंही तेच झालं होतं. कार्यक्रम कशाचा आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. बोलावलंय ना, मग जायचं. मी आत वळून रतनला म्हटलं, चूल पेटव.

मग जे काही झालं, ते मी केलं नाही, आळीनं केलं. भीमाबाईंनी पदर खोचला. कुणी देवळातली मोठी भांडी आणली, कुणी अंगणात विटांची चूल मांडली, कुणी घरातला गहू भरडून आणला. सहादेवच्या दुधाचा चहा झाला. लापशी, आमटी आणि भात, एवढंच करायचं ठरलं. तीन तासांत पंगत बसली. तेवढ्या वेळात आम्हांला रिकामं कोण ठेवणार? मला आणि रतनला पाटावर बसवलं आणि आहेर सुरू झाले. एकावर एक टोप्या. अर्ध्या तासात माझ्या डोक्यावर टोप्यांची उतरंड झाली. मान हलवली की पडेल म्हणून मी नुसते डोळे फिरवत होतो. पत्रिकेच्या खाली "आहेर आणू नये" अशी ओळ छापायची पद्धत असते, ती गनीभाईंनी जागा नाही म्हणून गाळली होती.

गनीभाई स्वतः दुपारी आले. पांढरा पायजमा, इस्त्रीचा कुडता, अत्तर लावलेलं. दारात उभं राहून त्यांनी पंगतीवर नजर फिरवली. मी त्यांना चार गोष्टी सुनावायच्या तयारीत होतो, खोटं कशाला बोलू! पण त्यांचा चेहरा बघितला आणि त्या तशाच राहिल्या. ते म्हणाले, "बघ कानिफ. आपल्या खिळ्यांची पत्रिका हाय. एक मानूस मागं राह्यला न्हाई." आणि लहान पोरासारखे हसले.

बरोबर त्याच वेळी करणची गाडी दारात थांबली. त्याला सकाळपासून नातेवाइकांचे फोन चालू होते. बापानं घरी कार्य काढलं आणि पोरगा नाही, म्हणजे काय? कशाचं कार्य, हे त्याला कुणी सांगेना. बिचारा घाबरून सुटला होता. आत आला तर बाप पाटावर, डोक्यावर वीस-पंचवीस टोप्या, आणि समोर दीडशे माणसं लापशी खातायत. तो तोंड उघडणार, एवढ्यात भीमाबाईंनी त्याच्या हातात आमटीची बादली दिली. म्हणाल्या, बघतोस काय, दुसरी पंगत बसलीय. तो पुण्याच्या कपड्यांत, बूट काढून, वाढायला लागला. ज्याला त्याला नावानं विचारत होता, आग्रह करत होता. लहानपणी लग्नात असाच वाढायचा, ते मला आठवलं.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. आम्ही बापलेक ओट्यावर बसलो. त्यानं कार्ड वाचलं. पहिल्यांदा हसला, मग त्यानं ते पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. म्हणाला, "आण्णा, फ्लॅटच्या वास्तूला मी फोनवर दोनशे जणांना पाठवलं होतं. अंगठे आले सगळ्यांचे. माणसं आली सतरा." मलाही सहा महिने हेच सांगायचं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मशीनं यायला लागली! जेवून जाताना ज्यानं त्यानं उद्या आणतो म्हटलं होतं, ते खरं झालं. दुपारपर्यंत अकरा. करण समोर खुर्ची टाकून बसला होता, धंदा कसा चालतो ते बघायला. पहिलं मशीन भीमाबाईंचं. मी खोललं, साफ केलं, पट्टा बदलला, तेल दिलं. त्यांनी पदराची गाठ सोडत विचारलं, भाऊ, किती झालं? मी तोंड उघडलं. समोर त्यांचा कालचा चेहरा, चुलीच्या धुरानं लाल झालेला. माझ्या तोंडून निघालं, राहू द्या हो. दुसरा टोपीचा आहेर करून गेलेला, त्यालाही राहू द्या. तिसरीनं दीडशे माणसांची लापशी ढवळलेली, तिच्याकडून घ्यायचं म्हणजे काय? अकरा मशीनं झाली आणि अकरा चहा झाले. करणकडं बघायची माझी छाती होईना.

निघताना त्यानं पिशवी गाडीत टाकली आणि परत आला. म्हणाला, "आण्णा, खरं सांगू? तुमचा धंदा काही चालायचा नाही."

मी मान खाली घातली. कबूल केलं होतं, शब्द दिला होता. म्हटलं, "मग कधी यायचं? कपडे काढून ठेवायला सांगतो आईला."

तो खोलीकडं बघत राहिला. आत कडूबाई मावशी आणखी कुणाकुणाला कालची हकीकत रंगवून सांगत होती. म्हणाला, "नको. दिवाळीला मीच येतो इकडं. फक्त एक करा, त्याची पत्रिका छापायला गनीचाचांना सांगू नका."

मी मान डोलावली. गनीभाई सकाळीच हिरव्या कागदाचा नमुना ठेवून गेले होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.